हेडसेट जमिनीखाली न्या: तापी खोऱ्याचा डेटा व्हीआरमध्ये कसा बघावा

प्रश्न खानदेशातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. थोडक्यात असा: "विभागाला व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर घालून आभासी जगात फिरवणारे, दोन हेडसेट मिळाले आहेत. मुलं त्यात जगाची सफर करून खूश होतात. पण आपल्या तापी खोऱ्यातला उंचीचा, विहिरींचा, ड्रोनचा डेटा त्यात घालून खरोखर विश्लेषण होतं का, की ती नुसती करमणूक? होत असेल तर सुरुवात कुठून करावी?"

मॅडम, विश्लेषण होतं, पण सरसकट कुठल्याही डेटाचं होत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात हेडसेटचं खरं काम जमिनीच्या खाली आहे. तालुकानिहाय पाऊस, कापसाचं क्षेत्र, लोकसंख्या, शाळांची संख्या यांना व्हीआरची अजिबात गरज नाही. ही माहिती मुळात सपाट आहे आणि सपाट नकाशावर ती उत्तम वाचता येते. तिच्यावर उंच-उंच त्रिमितीय खांब उभारले की पुढचा खांब मागच्याला झाकतो आणि लांबचा खांब आहे त्याहून बुटका वाटतो. धरणगावचा खांब मोठा की एरंडोलचा, हे ठरवायला दोन पावलं सरकून मान वाकवावी लागणार असेल, तर त्यापेक्षा दोन ओळींचा तक्ता बरा.

व्हीआर कामाला येतं ते तिसरी मिती हाच डेटा असतो तिथे, आणि त्यातल्या गोष्टी एकमेकींच्या आड जात असतात तिथे. बोअरमध्ये लागलेले थर, दोन बोअरमधून जाणारा किंवा मध्येच संपणारा वाळूचा पट्टा, खडकातल्या उभ्या भिंती, नदीकाठच्या घळींचे कडे, ड्रोनने टिपलेले लाखो बिंदू, ही त्याची उदाहरणं. कागदावर यांचे छेद काढावे लागतात, आणि छेद कुठून घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. तो निर्णय चुकला की जे बघायचं होतं तेच छेदाच्या बाहेर राहतं. हेडसेटमध्ये छेद न घेता सगळ्या बाजूंनी फिरता येतं आणि मग योग्य छेदाची जागा सापडते. माझ्या लेखी व्हीआरचा सगळ्यात मोठा फायदा हाच. उत्तर शेवटी कागदावरच निघतं, पण नेमका प्रश्न कुठे विचारायचा ते आत कळतं.

आता आपल्या खालची जमीन बघा. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतचा रावेर, यावल, चोपडा हा पट्टा खोल गाळाचा आहे. डोंगराला लागून दगडगोटे आणि भरड वाळूचा बझाडा पट्टा लागतो. सातपुड्यातून उतरणारे नाले तिथे येऊन जिरतात. पुढे नदीकडे सरकलं की चिकण माती आणि वाळू यांचे आलटून-पालटून थर लागतात. काही ठिकाणी हा गाळ शेकडो फूट खोल आहे. केळीला पाणी लागतं, बोअर खोल-खोल जातात आणि पाण्याची पातळी उतरत राहते, हे तिथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. तापीच्या दक्षिणेला पारोळा, चाळीसगाव, आणि पश्चिमेला धुळे-साक्रीकडे गेलं की चित्र पालटतं. तिथे दख्खनचा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर खापरावरच्या मांड्यांच्या चळतीसारखे एकावर एक पसरलेले आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, खालचा घट्ट, आणि दोन थरांमध्ये कुठे-कुठे तांबड्या मातीची पट्टी. पाणी मुरुमात, सच्छिद्र भागात आणि भेगांमध्ये असतं. त्यातच धुळे-नंदुरबार भागात डाईक आहेत, म्हणजे जुन्या भेगांमध्ये लाव्हा थिजून झालेल्या उभ्या दगडी भिंती. त्या साधारण पूर्व-पश्चिम धावतात, काही तर कित्येक किलोमीटर लांब. म्हणजे एकाच खानदेशात भूजलाचं वागणं दोन अगदी वेगळ्या तऱ्हांचं आहे, आणि दोन्हींमध्ये खोली हीच मुख्य गोष्ट आहे.

मग हे आत कसं मांडायचं? बहुतेकांना आधी सुचतं ते खऱ्या आकाराचं: तोरणमाळच्या कड्यावर उभं राहायचं आणि खाली बघायचं. अनुभव म्हणून ते सुंदर आहे, विश्लेषणासाठी निरुपयोगी. कारण आपल्या दोन डोळ्यांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचं अंतर आहे, आणि खोलीची जाण मुख्यतः दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकातून येते. आजच्या साध्या हेडसेटमध्ये एका अंशात वीस-पंचवीस पिक्सेल असतात. त्यावरून ढोबळ हिशेब करा. एक मीटर अंतरावरच्या वस्तूत एका पिक्सेलचा फरक म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर खोली. दहा मीटरवर तोच फरक एक मीटरभर खोलीचा होतो आणि शंभर मीटरवर जवळजवळ शंभर मीटरचा. म्हणजे लांबचा डोंगर हेडसेटमध्येही चित्रासारखा सपाटच असतो. खोरं टेबलावर मावेल इतकं लहान करा, की संपूर्ण खोरं हाताच्या अंतरावर येतं आणि दोन्ही डोळे कामाला लागतात.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. व्हीटस्टननं १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप मांडला. पुढे विमानातून घेतलेल्या फोटोंच्या जोड्या आरशाच्या स्टिरिओस्कोपखाली ठेवून भूवैज्ञानिक पिढ्यान्-पिढ्या नकाशे करत आले. दोन फोटो शेकडो मीटर अंतरावरून घेतलेले असल्यामुळे जमीन बाहुलीघराएवढी आणि उंची ठळक दिसायची. डोक्यावर घालायचा संगणकीय पडदा आयव्हन सदरलँडनं १९६८ मध्ये केला. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात भिंतींवर प्रतिमा टाकणारी केव्ह ही खोली उभी राहिली आणि शास्त्रज्ञ डेटात उभं राहून काम करू लागले. हेडसेट सामान्यांच्या आवाक्यात आले ते २०१६ नंतर. तंत्र बदललं तरी टेबलावरच्या लहान खोऱ्याची युक्ती स्टिरिओस्कोपच्या काळचीच आहे. तुमच्या विभागाच्या कपाटात जुना स्टिरिओस्कोप पडला असेल तर तो काढून मुलांना आधी तोच दाखवा. हेडसेटची निम्मी समज तिथेच येते.

प्रमाण असं धरता येईल. सातपुड्यापासून तापीपर्यंत सुमारे तीस किलोमीटर रुंदीचा तुकडा घ्या. १:२०,००० प्रमाणात तो दीड मीटरचा होतो, म्हणजे मोठ्या टेबलाएवढा. पण त्याच प्रमाणात सातशे मीटर उंचीचा डोंगर साडेतीन सेंटिमीटरचा आणि शंभर मीटर खोल बोअर अर्ध्या सेंटिमीटरचा होतो. त्यात काहीच दिसणार नाही. उभं प्रमाण वीसपट केलं तर डोंगर सत्तर सेंटिमीटर, बोअर दहा सेंटिमीटर, आणि पाणीपातळीतला दहा मीटरचा फरक एक सेंटिमीटर. आता बघण्यासारखं झालं. मघाचा हिशेब इथे जोडून बघा. हाताच्या अंतरावर डोळ्याला सेंटिमीटरभरच खोली धड कळते, म्हणजे या टेबलावर नुसत्या नजरेनं दहा मीटरपेक्षा बारीक फरक ओळखायचा दावा कुणी करू नये. आकडा वाचायचा असेल तर बोअरवर बोट ठेवल्यावर पाटी उघडली पाहिजे. आकार, सलगता, काय कशाच्या आड आहे, एवढंच डोळ्यानं ओळखायचं.

वीसपट उभ्या प्रमाणाचा एक धोका मुलांना ठासून सांगा. एक अंशाचा उतार त्यात एकोणीस अंशांचा दिसतो. गाळाच्या पट्ट्यातली जवळजवळ सपाट जमीन कड्यासारखी भासते आणि "पाणी इथून वेगानं खाली जात असणार" असं कुणीतरी ठामपणे म्हणतं. म्हणून टेबलाच्या कडेला उभी पट्टी हवी, तिच्यावर मीटरचे आकडे हवेत, आणि प्रमाण एकपटीवर आणणारं बटण हातात हवं. ते बटण दाबल्यावर सगळं खोरं चपटं होतं. ते मुलांनी वारंवार बघितलं पाहिजे. आणखी एक: जमिनीवर पाचपट आणि जमिनीखाली वीसपट असं दुहेरी प्रमाण ठेवायचा मोह होतो, कारण डोंगर आटोपशीर राहतो. तसं करू नका. नदीचं पात्र वर की शेजारच्या विहिरीतलं पाणी वर, यावरून नदी जमिनीला पाणी देते की जमीन नदीला, हे ठरतं. दुहेरी प्रमाणात हा संबंधच तुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा आग्रही आहे. भूजलाचा डेटा म्हटला की विहिरींच्या पातळ्या घेऊन क्रिगिंग (मोजलेल्या ठिकाणांवरून मधल्या जागांच्या किमती काढायची गणिती रीत) किंवा तत्सम पद्धतीनं एक गुळगुळीत पृष्ठभाग काढायचा, त्याला निळा रंग द्यायचा आणि तो हेडसेटमध्ये टाकायचा, अशी पद्धत पडली आहे. तो दिसतो फार देखणा. आणि म्हणूनच घातक आहे. कागदावरच्या समपातळी रेषांवर माणूस शंका घेतो. पायाशी पसरलेल्या निळ्या पाण्यावर घेत नाही. प्रत्यक्षात त्या पृष्ठभागाचा बहुतेक भाग गणितानं भरलेला असतो. मोजलेलं असतं ते फक्त विहिरीपाशी. त्यामुळे आधी विहिरी दाखवा. प्रत्येक विहीर म्हणजे एक उभी काठी, तिच्यावर पावसाळ्यापूर्वीच्या आणि पावसाळ्यानंतरच्या पातळीच्या दोन कड्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या अशा नोंदी नियमित घेते, त्यामुळे ही सामग्री काल्पनिक राहत नाही. मुलांनी काठ्यांमध्ये फिरून स्वतःचं मत बनवल्यावरच पृष्ठभाग चालू करा. तोही असा, की विहिरीजवळ ठळक आणि विहिरीपासून दूर जाईल तसा विरळ होत नाहीसा होणारा. जिथे मोजलेलंच नाही तिथे पोकळी दिसली पाहिजे. ती पोकळी हीच विद्यार्थ्यांच्या पुढच्या क्षेत्रभेटीची जागा.

डाईकच्या मुलखात तर याला पर्यायच नाही. धुळे-शिंदखेड्याकडे जमीन एकंदरीत उत्तरेला तापीकडे उतरते आणि डाईक पूर्व-पश्चिम. म्हणजे भूजलाच्या वाटेत आडव्या भिंती. डाईक घट्ट असेल तर दक्षिणेच्या बाजूला पाणी अडतं आणि पलीकडच्या विहिरी लवकर कोरड्या पडतात. डाईक स्वतःच भेगाळलेला, झिजलेला असेल तर उलट तोच पाणी धरून ठेवतो आणि त्याच्यावरची विहीर गावात सगळ्यांत चांगली निघते. क्रिगिंगला यातलं काही ठाऊक नसतं. भिंतीच्या दोन बाजूंच्या पातळ्या ते सरळ एकमेकींत मिसळतं. हेडसेटमध्ये मात्र भूगर्भीय नकाशावरच्या डाईकच्या रेषा खाली उभ्या ताणून भिंती करायच्या, काठ्या ठेवायच्या, आणि भिंतीच्या दिशेनं, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघायचं. एका बाजूच्या कड्या वर आणि दुसऱ्या बाजूच्या खाली असतील तर त्या क्षणी लक्षात येतं. साध्या नकाशावर हेच शोधायला प्रत्येक भिंतीसाठी वेगळा छेद काढावा लागला असता. अर्थात दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. जमिनीची विद्युतरोधकता मोजणं, पंप चालवून उपसा चाचणी घेणं, हे त्यानंतरचं काम आणि ते शेतातच होतं.

गाळाच्या पट्ट्यात प्रश्न वेगळा असतो: या बोअरची वाळू आणि त्या बोअरची वाळू एकच का? इथे डेटाची शिस्त नसेल तर व्हीआर सरळ दिशाभूल करतं. बोअरवाला फुटांत सांगतो, आपण मीटरमध्ये मांडतो. १२० फूट म्हणजे साडेछत्तीस मीटर, हे रूपांतर प्रत्येक नोंदीला झालंय का ते तपासा. शिवाय तो खोली जमिनीपासून सांगतो. दोन बोअरचे थर जुळवायचे तर दोन्ही ठिकाणच्या जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची हवी. ती बहुतेक जण एसआरटीएमच्या उंचीपटातून, म्हणजे अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीच्या नकाशातून, उचलतात. तो डेटा फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या फेरीचा, ३० मीटरच्या चौकटींचा, आणि त्यात झाडं, बागा, घरं यांची उंची काही अंशी मिसळलेली असते. उंचीत काही मीटरची चूक सहज असते. वाळूचा थरच चार-पाच मीटर जाड असेल तर एवढ्या चुकीनं तो शेजारच्या बोअरच्या मातीसमोर येऊन बसतो. आत बघणाऱ्याला वाटतं थर तुटलाय, प्रत्यक्षात तुटलेली असते ती जमिनीची उंची. म्हणून थर जुळवायचे असतील त्या बोअरच्या तोंडाची उंची डीजीपीएसनं (जास्त अचूक जीपीएसनं) किंवा लेव्हल लावून मोजा. मुलांसाठी हा उत्तम प्रकल्प आहे आणि त्याला हेडसेटही लागत नाही.

उलट बाजूही सांगतो. डेटातल्या चुका पकडायला व्हीआरसारखं साधन मी दुसरं पाहिलं नाही. एखादी विहीर हवेत तरंगताना दिसते, एखादी नाल्याच्या मधोमध, आणि चार-पाच विहिरी एकाच बिंदूवर रचलेल्या, कारण कुणीतरी विहिरीऐवजी गावाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश भरलेत. तक्त्यात हे आकडे निरुपद्रवी वाटतात. आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत नजरेत येतात. नवीन डेटा आला की मी त्याला आधी याच कामासाठी आत नेतो.

तांत्रिक तयारीत चार ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची रीत. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत डेटा आत टाकू नका. आपलं सगळं खानदेश यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात बसतं, आणि त्या पट्ट्याची मध्यरेषा, ७५ अंश पूर्व रेखांश, अमळनेरजवळूनच जाते. त्यामुळे विकृती नगण्य, ही आपली सोय आहे. दुसरं, मोठे आकडे. या पद्धतीत आपल्याकडचं उत्तरेचं अंतर तेवीस लाख मीटरच्या घरात येतं. गेम इंजिन, म्हणजे त्रिमितीय दृश्य चालवणारी सॉफ्टवेअरं, साधारणपणे ३२ बिटांच्या दशांश संख्या वापरतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्यात लागोपाठच्या दोन किमतींमध्ये पाव मीटरचं अंतर पडतं. ड्रोनचे सेंटिमीटरच्या बारकाव्याचे बिंदू मग पाव-पाव मीटरवर उड्या मारतात, चित्र थरथरतं आणि दोष हेडसेटला दिला जातो. उपाय सोपा आहे: कामाच्या जागेच्या एका कोपऱ्याला शून्य धरा, सगळ्या बिंदूंमधून तेवढं वजा करा, आणि वजा केलेले आकडे जपून लिहून ठेवा.

तिसरं, उंचीचा पाया. ड्रोनचा जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा ओळखणारी जीपीएससारखी यंत्रणा) उंची लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून, देतो, एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या जिओइड या पृष्ठभागापासून असते. आपल्या भागात जिओइड लंबगोलाच्या पन्नासहून अधिक मीटर खाली आहे. दोन्ही डेटा तसेच एकत्र केले तर ड्रोनचं शिवार एसआरटीएमच्या जमिनीखाली गाडलं जातं. चौथं, अक्ष. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, उंचीचा अक्ष झेड, युनिटी या गेम इंजिनमध्ये वाय, आणि युनिटीची अक्षरचना डाव्या हाताची. अनरिअल या दुसऱ्या गेम इंजिनमध्ये मोजमाप सेंटिमीटरमध्ये. अदलाबदलीत कुठेतरी आरसा होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मी तपासणी अशी करतो: तापीच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे तोंड केलं, समोर सातपुडा आहे, तर तापी उजवीकडून डावीकडे वाहायला हवी. डावीकडून उजवीकडे जात असेल तर खोरं आरशात गेलंय.

सॉफ्टवेअरची चर्चा लोक फार करतात, मला ती दुय्यम वाटते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा तयार करा. तिथल्या क्यूजीआयएसटूथ्रीजेएस या प्लगिननं ब्राउझरमध्ये उघडणारं त्रिमितीय दृश्य निघतं, वर्गात पडद्यावर दाखवायला ते पुरतं. हेडसेटच्या ब्राउझरसाठी ए-फ्रेम आणि वेबएक्सआर ही वेबपानावर व्हीआर दाखवायची साधनं पुरेशी आहेत, फक्त पान सुरक्षित एचटीटीपीएस जोडणीवरून यावं लागतं. काठ्या, कड्या, भिंती एवढंच दाखवायचं असेल तर संगणकशास्त्राचा एखादा विद्यार्थी सोबत घेऊन हे सहज होतं. मोठे उंचीपट, लाखो बिंदू आणि स्वतःची साधनं हवी असली की मग युनिटी किंवा अनरिअल.

बिंदूंवरून घळींकडे येतो, कारण जमिनीच्या वर हेडसेट वापरायचा तर माझ्या मते तो इथे. तापी आणि गिरणेच्या काठचा गाळ घळींनी फाटलेला आहे. कडे उभे, कुठे-कुठे खालून पोखरून वर बाहेर आलेले. नेहमीचा उंचीपट प्रत्येक जागेला एकच उंची देतो, त्यामुळे पोखरलेला कडा त्यात मावतच नाही, त्याचा उतार होतो. ड्रोनच्या तिरप्या फोटोंतून वेबओडीएमनं काढलेल्या बिंदूंमध्ये तो कडा जिवंत राहतो. क्लाउडकम्पेअरमध्ये झुडपं आणि भरकटलेले बिंदू काढा, आणि मग आत जा. घळ मात्र टेबलावर नको. ती चार-पाचपट लहान करून तिच्या तळात उभं राहावं, म्हणजे दोन्ही काठ हाताच्या टप्प्यात येतात. पाणी कुठून शिरतं, घळीचं डोकं कोणत्या शेताच्या बांधाकडे सरकतंय, कुठला कडा पुढच्या पावसात बसेल असा दिसतो, हे सगळं असं उभं राहून बघायचं असतं. पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं उड्डाण दोन रंगांत एकावर एक ठेवलं तर किती माती गेली हे दिसतं. किती घनमीटर गेली, ते मात्र सॉफ्टवेअरला मोजू द्या. ड्रोन उडवण्याआधी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे तो भाग कोणत्या रंगाच्या हवाई क्षेत्रात येतो ते पाहून घ्या.

करमणूक आणि विश्लेषण यांतला फरक माझ्या मते एका गोष्टीवर ठरतो: आत जे दिसलं ते बाहेर काय म्हणून येतं? मुलगा हेडसेट काढून "भारी होतं सर" म्हणाला, तर काहीच झालं नाही. त्याच्या हातात खूण करायचं साधन हवं. इथे थर तुटतो, इथे पातळी उडी मारते, इथली विहीर संशयास्पद, अशी प्रत्येक खूण मूळ निर्देशांकांसह, बघणाऱ्याच्या जागेसह आणि एका वाक्यासह साठवली गेली पाहिजे, आणि ती फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडली पाहिजे. मघाशी वजा केलेले आकडे लिहून ठेवा म्हणालो ते यासाठी. मग दुसरा विद्यार्थी त्याच जागेवर उभा राहून "मला असं दिसत नाही" म्हणू शकतो. शास्त्र तिथून सुरू होतं.

आणि उपयोग होतो की नाही हे माझ्या शब्दावर मानू नका, वर्गात तपासा. वर्गाचे दोन गट करा. दोन्ही गटांना सारखेच प्रश्न: या सहा बोअरपैकी कोणते एका वाळूच्या पट्ट्यात आहेत? या भिंतीच्या कोणत्या बाजूला पाणी अडलंय? एक गट छेद आणि नकाशे घेऊन बसेल, दुसरा हेडसेट घेऊन, मग वेगळ्या डेटावर अदलाबदल. उत्तराबरोबर खात्री किती हेही लिहून घ्या. माझा अनुभव असा की सलगतेच्या आणि आड लपलेल्या गोष्टींच्या प्रश्नांत हेडसेटचा गट पुढे जातो, आणि अंतर, उतार, आकडा यांच्या प्रश्नांत नकाशाचा. हेडसेटच्या गटाची खात्री मात्र दोन्हीकडे जास्त असते, आणि याच गोष्टीवर वर्गात बोलायला हवं.

शारीरिक बाजू थोडक्यात. चक्कर येते ती मुख्यतः डोळे हललो म्हणतात आणि कानातलं तोलाचं इंद्रिय नाही म्हणतं तेव्हा. टेबलाच्या मांडणीत माणूस स्वतःच्या पायांनी फिरतो, त्यामुळे हा त्रास फार कमी. उडत जाण्याची सोय ठेवूच नका, जागा बदलायची तर क्षणात उडी असावी. सेकंदाला ९० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला जेमतेम अकरा मिलिसेकंद मिळतात, तेही दोन डोळ्यांसाठी. चित्र अडखळायला लागलं तर बिंदू कमी करा. पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ सलग नको, आणि बसून बघणाऱ्यासाठीही सोय हवी. खोलीत उजेड हवा, कारण हेडसेटचे कॅमेरे भिंती-फर्निचर बघूनच स्वतःची जागा ओळखतात. थेट ऊन मात्र भिंगांवर कधीही पडू देऊ नका, पडदा कायमचा जळतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हेडसेट गाडीत ठेवून शेतावर जाऊ नका. आणि धूळ: कोरड्या मऊ कापडाशिवाय भिंगाला काही लावू नका.

पहिल्या सत्रासाठी एकच तुकडा घ्या. रावेर-यावलचा गाळ किंवा साक्री-धुळ्याचा डाईक भाग, दोन्ही एकदम नकोत. वीस-पंचवीस नीट मोजलेल्या विहिरी शेकडो ढिसाळ नोंदींपेक्षा जास्त शिकवतील.

गावात दाखवायला न्याल तेव्हा एक तयारी ठेवा. धुळ्याकडच्या शिवारात हेडसेट घातल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो, "आमनी हीर कोठे शे?" (आमची विहीर कुठे आहे?) तेव्हा गावठाण, मंदिर, रस्ता, पाझर तलाव एवढ्या ओळखीच्या खुणा टेबलावर असल्याच पाहिजेत, नाहीतर माणूस आत हरवतो. विहिरींवर मालकांची नावं टाकू नका, क्रमांक टाका. कुणाच्या विहिरीला किती पाणी, ही गावात नाजूक गोष्ट असते. आत एक जण आणि बाहेर चाळीस जण अशी स्थिती असते, म्हणून आतलं दृश्य भिंतीवर टाका आणि आतल्या माणसाला बोलत राहायला सांगा. तिथल्या जुन्या माणसाला कोणत्या सालात कोणती विहीर आटली हे पाठ असतं. तो जे सांगेल त्याची खूण त्याच फाइलमध्ये, वेगळ्या रंगानं करा. निघताना ग्रामपंचायतीला एका मोठ्या कागदावर छापलेला छेद द्या, त्यांच्याच विहिरींच्या क्रमांकांसह आणि मोजणीच्या तारखेसह.